मुंग्यांना काय वाढावं

मुंगी आणि साखर ही जोडी मराठी माणसाच्या डोक्यात लहानपणापासून पक्की बसलेली असते. हत्ती होऊन ओंडके ओढण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी, असं आपण सहज बोलून जातो. घरातली वडीलधारी माणसं सकाळी फिरायला निघाली की चिमूटभर साखर, नाहीतर कणीक, वारुळापाशी टाकतात. त्यामुळे काचेच्या नळीत किंवा प्लास्टरच्या छोट्या घरात मुंग्या पाळू लागलेली मुलंही सुरुवात साखरपाण्यानेच करतात. मुंग्या ते आवडीने पितात, पोट फुगवून आत परततात, एकमेकींना पाजतात. सगळं छान चाललंय असं वाटतं. पण वसाहत काही वाढत नाही. राणी अंडी घालते, त्यांतून अळ्या निघतात आणि त्या तेवढ्याच राहतात. कधी कधी तर कामकरी मुंग्या घातलेली अंडीच खाऊन टाकतात. पाळणाऱ्याला वाटतं, थंडी लागली असेल, ओल कमी पडली असेल. खरं कारण बहुतेक वेळा आहारात असतं. साखरेवर मोठी मुंगी चालते, धावते, कामं करते. तिच्या अळीचं अंग मात्र किड्यांच्या मांसावर घडतं.

ही पुस्तिका त्या किड्यांविषयी आहे. कोणते निवडावेत, कुठून आणावेत, कसे मारावेत, कसे कापावेत, किती वाढावेत. विषय लहान दिसतो. पण मुंग्या पाळणारा जितकी काळजी घर बांधण्यात घेतो, त्याच्या निम्मीही या बाबतीत घेत नाही, आणि वसाहती मरतात त्या बहुतेक इथेच.

आधी मुंगीच्या शरीराविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोठ्या झालेल्या मुंगीची कंबर इतकी बारीक असते की घन पदार्थ तिच्यातून पलीकडे जाऊच शकत नाही. तिच्या तोंडात एक लहानशी पिशवी असते. चावलेला घास तिथे थांबतो, त्यातला रस पिळून पुढे जातो आणि उरलेला चोथा गोळी होऊन बाहेर टाकला जातो. म्हणजे नाकतोडा ओढत नेणारी मुंगी स्वतः नाकतोडा खात नाही, त्याचा रस पिते. घन मांस पचवायचं काम करते ती अळी. फायडोली जातीच्या मुंग्या मांसाचा बारीक तुकडा सरळ अळीच्या पोटावर ठेवतात आणि अळी मान वाकवून तो कुरतडत बसते. डोंगळ्यांच्या घरात रीत वेगळी. तिथे कामकरी मुंग्या रस पोटात साठवून आणतात आणि अळीच्या तोंडात घालतात. मुंगीच्या पोटात त्यासाठी एक वेगळी पिशवी आहे. त्या पिशवीतलं अन्न तिचं एकटीचं नसतं. वाटेत भेटेल त्या बहिणीला ती त्यातला थेंब देते. एका मुंगीने प्यायलेला रस असा हातोहात घरट्यातल्या पुष्कळ मुंग्यांपर्यंत पोचतो.

ही वाटून खाण्याची सवय फार देखणी आहे, आणि तीच त्यांच्या नाशाचीही वाट आहे. मुंग्या मारायची बाजारातली औषधं याच सवयीवर चालतात. हळू भिनणारं विष गोडात कालवून ठेवलं की एक मुंगी ते राणीपर्यंत पोचवते. आपण दिलेल्या किड्याच्या पोटात विषाचा अंश असेल तर तोही त्याच रस्त्याने जातो. म्हणून या पुस्तिकेत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येईल: मुंगीला आपण जो किडा देतोय, त्या किड्याने काय खाल्लं होतं?

मुंग्यांच्या खाण्याकडे बारकाईने पाहण्याची परंपरा आपल्या मुलखात जुनी आहे. मुंबई सरकारच्या चाकरीतले लेफ्टनंट कर्नल सायक्स यांनी १८३५ मध्ये छापलेल्या निबंधात पुण्यातल्या मुंग्यांची हकीकत दिली आहे. गवताचं बी साठवणाऱ्या मुंग्या पावसात भिजलेलं बी वर आणून उन्हात वाळवतात, हे त्यांनी पुण्यात पाहिलं होतं. त्यांची दुसरी हकीकत मोठ्या काळ्या मुंग्यांची. टेबलावर ठेवलेल्या गोड पदार्थांना मुंग्या लागू नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते. मुंग्या भिंतीवर चढल्या आणि वरून नेमक्या मिठाईवर पडल्या. सायक्सनंतर वनखात्यातले रॉटन यांनी १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘आपल्या मुंग्या’ अशा अर्थाच्या मथळ्याची लेखमाला लिहिली. पश्चिम भारतातल्या मुंग्यांविषयी ज्याला काही शिकायचं आहे, त्याने आजही तिथून सुरुवात करावी.

मुंग्यांना घरात ठेवून खाऊ घालण्याचं शास्त्र मात्र परदेशात वाढलं. इंग्लंडमध्ये जॉन लबक यांनी काचेच्या दोन तावदानांमध्ये मुंग्या पाळल्या आणि १८८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्याकडची एक राणी जवळजवळ १५ वर्षं जगली. ही गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगतो. पाचवीत असताना पकडलेली राणी, नीट पोसली तर, तुमचं कॉलेज संपेपर्यंत तुमच्याबरोबर असू शकते.

पुढे १९७० मध्ये एक छोटा निबंध अमेरिकेतल्या फ्लोरिडातून प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या प्रयोगशाळांतल्या मुंग्यांचं जेवण बदलून गेलं. लेखक दोन: अविनाश भटकर आणि डब्ल्यू. एच. व्हिटकोम. त्यांनी सांगितलेली कृती आपल्या स्वयंपाकघरात सहज होईल अशी आहे. ५०० मिलिलिटर पाणी, ५ ग्रॅम अगर, १ अख्खं अंडं, ६२ मिलिलिटर मध, १ ग्रॅम क्षार आणि १ ग्रॅम जीवनसत्त्वांची पूड. अगर म्हणजे आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो तेच. निम्म्या पाण्यात अगर उकळून घ्यायचा, उरलेल्यात अंडं, मध आणि पूड फेटायची, अगर कोमट झाला की दोन्ही एकत्र करून थाळीत ओतायचं. वड्या पडतात, फ्रिजमध्ये राहतात. आज मुंग्यांवर काम करणारा जगातला कुठलाही संशोधक ‘भटकर आहार’ म्हटलं की ओळखतो. भटकर हे आडनाव ऐकलं की मराठी कानाला आपल्या घरातलं वाटतं, आणि इथल्या शाळकरी मुलांना मात्र ते ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. पुस्तिकेत ही कृती पूर्ण दिली आहे. मात्र ज्या प्रयोगशाळा हा आहार देतात, त्यांतल्या बऱ्याच जोडीला किडेही देतात. शिकारी जातींच्या मुंग्यांचं नुसत्या वडीवर भागत नाही.

याच्या उलट बाजूनेही एक धडा आहे. ऑड्री दुसुतूर आणि स्टीफन सिम्प्सन यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की प्रथिनांचा भरणा फार झाला तर कामकरी मुंग्या लवकर मरतात आणि वसाहती ढासळतात. किडे लागतात ते अळ्यांना. घरट्यात अळ्याच नसतील तर ढीगभर किडे टाकून काही साधत नाही, झाला तर तोटाच होतो. तेव्हा कामकरी मुंग्या किती आहेत ते बघू नका. अळ्या किती आहेत ते बघा आणि तेवढ्यांपुरतं वाढा.

ही पुस्तिका औंध मुलखासाठी लिहिली आहे, याला कारण आहे. मुंग्या पाळण्यावरचं जे काही लेखन हाती लागतं, ते थंड देशांतलं असतं. तिथल्या दुकानांत डब्यात भरलेले किडे मिळतात. इथे ते मिळत नाहीत, आणि मिळावेत असं मला वाटतही नाही. खटाव तालुक्यातलं औंध, तिकडे आटपाडी, कृष्णाकाठाजवळचं कुंडल, विजापूरकडचं गुणदाळ अशा तुकड्यांतुकड्यांत पंत प्रतिनिधींचं संस्थान पसरलेलं होतं. ८ मार्च १९४८ ला ते विलीन झालं आणि आज त्याचा बराचसा भाग सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आहे. औंध-आटपाडीकडे बहुतेक कमी पावसाचा माळ. बाभळी, बोरी, रुई, कुसळी गवत, शाळूची रानं. कुंडलकडे ऊस आणि द्राक्षं. याच मुलखातल्या माडगूळ्याचे व्यंकटेश माडगूळकर माळावरची जनावरं आणि पाखरं किती जवळून पाहत असत, हे त्यांच्या वाचकाला सांगायला नको. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी बाळासाहेब पंत प्रतिनिधींनी १९३८ मध्ये संग्रहालय उभं केलं. गावातल्या माणसाने गावातच चांगलं काही पाहावं, ही त्यामागची भावना मला फार मोलाची वाटते. मुंग्यांसाठी तर संग्रहालयाचीही गरज नाही. त्या शाळेच्या पायरीखाली आहेत.

इथे पाळायला सगळ्यांत सोपा तो डोंगळा, म्हणजे मोठा काळा मुंगळा, शास्त्रातला कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. बाभळीच्या कोवळ्या फांदीवर काटेरी पाठीचे छोटे किडे रस शोषत बसलेले असतात आणि डोंगळे त्यांची राखण करत त्यांच्याकडून गोड थेंब घेतात. ज्वारीवर मावा पडून पानं चिकट झाली की त्या चिकट्यावरही हे येतात. साखरेची भूक ते रानात अशी भागवतात. वळवाच्या किंवा मृगाच्या सरीनंतर पंख झडलेल्या राण्या जमिनीवर पळताना दिसतात. डोंगळ्याच्या नव्या राणीला पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येईपर्यंत काहीही खायला द्यायचं नसतं. उडण्याचे स्नायू तिला आता लागत नाहीत, तेच जिरवून ती पहिली पिल्लं वाढवते. अशा राणीच्या नळीत मायेपोटी किडा टाकला तर तो कुजतो आणि ती घाबरून अंडी खाते. म्हणून पुस्तिकेतलं पहिलं प्रकरण ‘काही देऊ नका’ या मथळ्याचं आहे.

मग फायडोली. अगदी बारीक, त्यांच्यात काही मोठ्या डोक्याच्या. यांना गवताचं बी, राळा, भरडलेली बाजरी चालते आणि जोडीला मांसही हवं असतं. मोठ्या डोक्याच्या मुंग्या किड्याचं कवच फोडतात, त्यामुळे यांच्या बाबतीत कापाकापी कमी.

तिसरी डायाकॅमा. काळी, अंगावर बारीक रेघा असलेली, रांग न लावता एकटी शिकारीला निघणारी. हिच्या वसाहतीत वेगळी दिसणारी राणी नसतेच, कामकरी मुंग्यांतलीच एक अंडी घालते. घरट्याच्या तोंडाशी ती पाखरांची पिसं आणि काड्या लावून ठेवते. रात्री त्यांवर दव जमतं आणि मुंग्या ते पितात. भारतातल्या डायाकॅमाची ही युक्ती मार्क मॉफेट यांनी १९८५ मध्ये नोंदवली. दुष्काळी मुलखात राहणाऱ्या माणसाला याचं मोल वेगळं समजावायला नको. मुलांनी डायाकॅमा पाळू नये, रानातच पाहावी, असं माझं मत आहे. ती शिकारी आहे, आणि डोंगळ्यासारखी एकटी राणी पकडून तिची वसाहत सुरू करता येत नाही. सुरू करायची तर अख्खं घरटं खणावं लागतं.

आता किड्यांकडे येऊ.

माळावर किड्यांना तोटा नाही, मग ते सरळ पकडून का घालू नयेत? आधी फवारणीचा विचार करा. आटपाडीकडची डाळिंबं, पलूस-तासगावकडची द्राक्षं, सगळीकडची भाजी यांवर हंगामात किती वेळा औषध पडतं हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. फवारा लागून अर्धमेला झालेला नाकतोडा हाताला पटकन सापडतो, आणि म्हणूनच मुलं तो उचलतात. जो किडा फार सहज सापडला, तो घेऊ नये. बांधावरचा, गायरानातला, डोंगरउतारावरचा, टुणकन उडून दोनदा हुकवणारा नाकतोडा घ्यावा. शेतातला घ्यायचाच तर त्या शेतात गेल्या महिन्याभरात काय मारलं ते मालकाला विचारून घ्यावा. उत्तर नक्की नसेल तर तो किडा सोडून द्यावा.

घरातली विषं त्याहून फसवी, कारण ती विष वाटतच नाहीत. वर्षाची तूरडाळ किंवा गहू भरताना आपल्याकडे बोरिक पावडर चोळायची पद्धत आहे. माणूस धान्य धुऊन शिजवून खातो. पण बोरिक हेच मुंग्यांना मारायचं जुनं आणि खात्रीचं औषध आहे. अशा डब्यातले सोंडे किंवा पोरकिडे वसाहतीत टाकणं म्हणजे आपल्या हाताने विष देणं. कोठारात धुरी देण्याच्या गोळ्या ठेवल्या असतील तर तिथलाही किडा नको. वाळवीचं तेच. घराच्या पायात वाळवीनाशक ओतलेलं असेल तर त्या भिंतीतली वाळवी घेऊ नये. झुरळ तर घरातलं कधीच नको. ते कुणाच्या मोरीतून, कुठल्या विषारी जेलवरून चालत आलं, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

काही किड्यांत विष निसर्गानेच भरलेलं असतं. रुईवर बसणारा निळा-पिवळा नाकतोडा रुईच्या चिकाचं विष अंगात साठवतो. बाजरीच्या कणसावर येणारे हिंगे हाताला लागले तरी फोड उठवतात. वाणी किंवा पैसा म्हणतात तो किडा डिवचला की उग्र द्रव सोडतो. मखमली लाल मृगाचा किडा कुणी खात नाही. केसाळ सुरवंटांचे केस वसाहतीत पसरतात. एकंदरीत, ज्या किड्याचे रंग भडक आहेत आणि जो माणसाला पाहून पळत नाही, त्याला पाखरंसुद्धा हात लावत नाहीत. आपणही लावू नये.

मग घ्यावं काय? माझा पहिला कौल पंखवाल्या वाळवीला. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती जे थवे जमतात, त्यात चरबी आणि प्रथिनं दोन्ही भरपूर असतात, कवच मऊ असतं, कापावं लागत नाही. दिव्याखाली पाण्याची परात ठेवली की सकाळी पुरेसा साठा होतो. गळलेले पंख काढून टाकायचे, किडे कागदावर कोरडे करायचे, डबीत भरून फ्रिजरमध्ये ठेवायचे. वर्षातून थोड्याच संध्याकाळी हे मिळतं, तेव्हा ती संधी चुकवू नये. एरवीची पांढरी वाळवीही उत्तम. माळावर ओलं पोतं किंवा खोक्याचा पुठ्ठा दगडाखाली दाबून ठेवला की काही दिवसांत ती लागते.

वर्षभराच्या पुरवठ्यासाठी मात्र एखादा किडा घरी वाढवलेलाच बरा, कारण मग त्याने काय खाल्लं याचं उत्तर आपल्याकडेच असतं. यासाठी मी ज्याची शिफारस करतो तो किडा ऊसपट्ट्यातल्या लोकांना अप्रत्यक्षपणे ओळखीचा आहे. उसाच्या खोडकिडीवर शेतकरी जे ट्रायकोकार्ड लावतात, त्यावर चिकटवलेली सुमारे २० हजार अंडी एका राखाडी पतंगाची असतात. शास्त्रात त्याला कॉर्सिरा म्हणतात, आपण तांदळावरचा पतंग म्हणतो. धान्यात जाळी धरणारी अळी ती याचीच. या पतंगाच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाची बारीक गांधीलमाशी वाढते आणि पुढे उसावरच्या किडीची अंडी नासवते. त्यासाठी प्रयोगशाळांत हा पतंग ज्वारीच्या भरड्यावर वाढवतात. घरी हेच करायचं. आपल्या रानातला, काहीही न चोळलेला शाळू भरडून घ्यावा, आत आधीचे किडे असतील ते मरावेत म्हणून कढईत परतून पूर्ण गार करावा, त्यात मूठभर शेंगदाण्याचं कूट मिसळावं आणि तोंडाला बारीक कापड बांधलेल्या बरणीत पतंगाची अंडी सोडावीत. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण दीड महिना लागतो, त्याआधी अळ्या मोठ्या झाल्या की हव्या तेवढ्या काढाव्यात. प्रयोगशाळेतला तयार भरडा मात्र मागून आणू नये. तिथे कोळीकिडे होऊ नयेत म्हणून त्यात गंधक आणि इतर औषधं घातलेली असतात. अळी देण्याआधी तिच्यावरची जाळी पुरती सोडवावी, नाहीतर बारीक मुंग्या त्यात अडकतात. पतंगांच्या पंखांची भुकटी नाकात जाऊन शिंका आणि दमा होऊ शकतो, म्हणून बरणी उघडताना तोंडाला रुमाल बांधावा आणि हे काम अंगणात करावं.

नव्या, दहा-पाच मुंग्यांच्या वसाहतीला ही अळीही मोठीच पडते. तिथे पिकल्या केळ्यावर येणारी चिलटं कामाला येतात. बाटलीत केळ्याचा तुकडा आणि चिमूटभर यीस्ट टाकलं की उन्हाळ्यात पंधरवड्याच्या आत पुढची पिढी तयार होते. केळ्याची साल घेऊ नये, पिकवताना आणि साठवताना तिच्यावर काय काय मारलेलं असतं ते कळत नाही. रातकिडे पाळणं जमलं तर उत्तम. देण्याआधी दोन दिवस त्यांना गाजर, कणीक, कोथिंबीर खाऊ घालावी, म्हणजे त्यांच्या पोटात जे आहे तेही मुंग्यांना मिळतं. शहरातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळणारे पिवळे मीलवर्म चालतात, पण ते परदेशी भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत. उरले म्हणून रानात किंवा धान्याच्या खोलीत सोडून देऊ नयेत.

मारण्याविषयी स्पष्ट लिहायला हवं. या मुलखात मुंग्यांना साखर घालणारी घरं आहेत, चातुर्मास पाळणारी घरं आहेत, आणि एका किड्यासाठी दुसरा किडा का मारायचा, हा प्रश्न आजी विचारते तेव्हा तो हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. मला तो प्रश्न योग्य वाटतो. माझं उत्तर असं की मुंगीची अळी मांसावरच वाढते. रानात ते काम मुंग्या स्वतः करतात, घरात ते आपल्या अंगावर येतं, आणि ते ज्याला झेपत नाही त्याने मुंग्या पाळू नयेत, रानात जाऊन पाहाव्यात. त्यात काही कमीपणा नाही. अंडं चालत असेल तर डोंगळ्यांसाठी भटकर वडी हा मधला मार्ग आहे. पण ज्याने पाळायचं ठरवलं, त्याने किडा तडफडू देऊ नये. फ्रिजरमध्ये ठेवला की तो आधी गारठून सुस्त होतो आणि मग मरतो. निदान दोन दिवस तिथे राहू द्यावा. त्याच्या अंगावर कोळीकिडे असतील असा संशय असेल तर नंतर काही क्षण उकळत्या पाण्यात बुडवून काढावा. फ्रिजरमधली डबी घट्ट झाकणाची असावी, तिच्यावर नाव लिहिलेलं असावं, आणि स्वयंपाकघर ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी आधी घेतलेली असावी. जिवंत किडा वसाहतीत टाकण्याचा मोह मुलांना होतो, लढाई पाहायला मजा येते म्हणून. रातकिड्याच्या एका लाथेने लहान वसाहतीतल्या दोन-तीन मुंग्या जायबंदी होतात. तो प्रकार मला मान्य नाही.

वाढण्याआधी किडा साध्या तापमानाला येऊ द्यावा आणि मधोमध कापावा. कवच अखंड असलं तर लहान मुंग्यांना आतला रस काढता येत नाही, त्या वरवर हुंगून निघून जातात आणि पाळणाऱ्याला वाटतं त्यांना तो आवडला नाही. नाकतोड्याची मांडी लहान वसाहतीसाठी फार सोयीची, आत सगळं मांस, वर पातळ कवच, आडवी कापली की झालं. तुकडा काचेच्या चकतीवर ठेवून घरट्याबाहेरच्या मोकळ्या जागेत द्यावा, म्हणजे उरलेला उचलणं सोपं जातं. एका दिवसात नेला नाही तर काढून टाकावा. औंधच्या उन्हाळ्यात तो वाळून कोळ होतो, पावसाळ्यात बुरशी धरतो, आणि बुरशी आत शिरली की मग काही हातात राहत नाही. हाताला हळद, अत्तर किंवा डास पळवायचं मलम लागलेलं असेल तर हात धुतल्याशिवाय किड्याला हात लावू नये. हळदीने मुंग्या हटतात हे सांगलीकडच्या माणसाला सांगायला नकोच. गोडासाठी पातळ केलेली काकवी किंवा मध, वेगळ्या चकतीवर, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे साधं पाणी, कायम.

आपण दिलेलं पटलं की नाही हे ओळखायचं तर वसाहतीचा उकिरडा पाहावा. प्रत्येक वसाहत एका कोपऱ्यात कचरा टाकते. तिथे पोकळ कवचं, पाय, पंख दिसले तर जेवण झालं आहे. मांसासकट तुकडे तिथे पडले असतील तर ते जास्त झाले किंवा नकोसे झाले. मुंग्या तुकड्यावर माती, काड्या, कापसाचे धागे टाकून तो झाकू लागल्या तर तो किडा पुन्हा देऊ नये. आणि उकिरड्यावर एकदम मेलेल्या मुंग्या वाढल्या तर आधी जेवण बंद करावं, फक्त पाणी ठेवावं, आणि मागचा किडा कुठून आला होता ते आठवावं. म्हणून प्रत्येक वेळी तारीख, किडा आणि तो कुठून आणला, एवढ्या तीन गोष्टी वहीत लिहाव्यात. पुस्तिकेच्या शेवटी त्यासाठी आखलेली पानं जोडली आहेत. शाळेत वसाहत ठेवली असेल तर ही वही मुलांनी पाळीपाळीने लिहावी, शिक्षकांनी लिहू नये.

प्रकरणांचा क्रम मी इथल्या ऋतूंप्रमाणे लावला आहे. ज्येष्ठात राणी सापडते, तिथून सुरुवात. श्रावण-भाद्रपदात माळावर नाकतोडे भरपूर, तेव्हा अळ्याही भरपूर, म्हणून तोच वाढीचा काळ. मार्गशीर्ष-पौषात रात्री गार पडतात, मुंग्यांची हालचाल मंदावते, अळ्यांची वाढ अडते. या दिवसांत किडे निम्म्याहून कमी करावेत आणि वसाहत आजारी पडली असं समजून घाबरू नये. फाल्गुनानंतर भूक परत येते, पण तेव्हा माळ करपलेला असतो आणि हिरव्या दिसणाऱ्या बागांवर फवारण्या चालू असतात. त्या चार महिन्यांसाठी शाळूच्या बरणीतल्या अळ्या आणि पावसाळ्यात फ्रिजरमध्ये ठेवलेले नाकतोडे पुरवून वापरावेत. तीसेक मुंग्यांच्या वसाहतीला आठवड्याला दोन अळ्या किंवा एका नाकतोड्याच्या दोन मांड्या पुष्कळ होतात.